डाव्या गालावरची मूठ

माझं नाक थोडं वाकडं आहे. लग्नाच्या फोटोत ते सरळ दिसतं. ते मोडलं त्या दिवशी मी वाकून सईच्या सँडलचा पट्टा लावत होते, तेवढ्यात तिने जोरात गुडघा वर उचलला. कट् असा आवाज माझ्याच डोक्यात झाला. आधी दुखलंच नाही. नुसतं गरम काहीतरी ओठांवरून हनुवटीवर आलं आणि तिच्या मोज्यांवर ठिबकायला लागलं.

सई माझी मुलगी. तेव्हा अकरा वर्षांची होती. ती किंचाळत होती आणि स्वतःच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, मूठ मारत होती. आणि मी त्या रक्ताळलेल्या हातांनी तिची मूठ धरायला बघत होते.

दवाखान्यात मी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

असं खोटं सांगणाऱ्या आया बऱ्याच असतात हे मला पुढे कळलं. स्वमग्न मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर चित्रांचे, पदकांचे, वाढदिवसांचे फोटो येतात. ज्यांची मुलं मारतात, चावतात, डोकी आपटतात, ते ग्रुपवर गप्प असतात. मीही गप्प होते. आता बोलते. स्वमग्नता हा आजार नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या वर्षी आमच्या घरात जे होतं ते आजारपणच होतं, आणि त्यातून आम्ही तिघं जिवंत बाहेर आलो, पूर्ण धड नाही, पण आलो.

खूश एकटी तीच

सई साडेतीन वर्षांची असताना वाशीच्या एका बालविकास केंद्रात आम्हाला 'स्वमग्न' हा शब्द पहिल्यांदा सांगितला. तोपर्यंत ती उशिरा बोलेल, काही मुलांचं असं होतं, घरात बोलणारं कोणी नाही म्हणून, असं सगळं ऐकून झालं होतं. डॉक्टर शांतपणे बोलत होते. माझा नवरा नीलेश खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याने विचारलं, "कधी बरी होईल?"

डॉक्टर म्हणाले, "ती आजारी नाहीये. वेगळी आहे. तिला वेगळ्या पद्धतीने वाढवावं लागेल."

नीलेशने मान डोलावली. बाहेर जिन्यात आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. आणि सई? तिला जिन्याचा स्टीलचा कठडा सापडला होता. गार गार. ती त्यावर गाल घासत होती आणि खदखदून हसत होती. आम्हा तिघांत त्या दिवशी खूश एकटी तीच होती.

पुढची सात वर्षं वाईट नव्हती. बोलली नाही, पण तिच्या मागण्या कळायच्या. पाणी हवं असेल तर मला ओढत माठाकडे न्यायची. मन लागलं की एकाच सुरात गुणगुणायची, 'हंऽऽ' असं, मधमाशीसारखं, तासभर. तो आवाज घरात असला की मी निवांत स्वयंपाक करायचे. स्पेशल शाळेत जायची. कुकरच्या शिट्टीला घाबरायची, गर्दीत बिथरायची, पण मारकुटी नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की अशी मुलं मारकुटीच असतात.

सुरुवात

मे महिना होता. ती भाकरी आणि वाटाण्याची उसळ खात होती. एक घास चावला आणि थांबली. मग ताट उडालं. मी काय झालं ते बघेपर्यंत तिने स्वतःच्या गालावर मूठ हाणली. एक, दोन, मग मोजण्यापलीकडे. मी हात धरला तर माझ्या मनगटात दात रुतवले. सुटेना. मला तिचं नाक दाबावं लागलं तेव्हा तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज. जेवताना, दात घासताना, कधी काहीच नसताना. सोफ्यावर शांत बसलेली मुलगी एकदम ताडकन उठायची आणि गालावर, डोळ्यावर मुठी सुरू. अडवणारा जो कोणी असेल त्याला मार. माझे केस मूठभर उपटून निघायचे. कपाटाची काच फुटली. टीव्ही गेला. माझ्या हातांवर चावण्याच्या खुणा एकावर एक, जुन्या पिवळ्या, नव्या जांभळ्या. ऐन उकाड्यात मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायला लागले.

शाळेने सांगितलं, काही दिवस घरी ठेवा. ते काही दिवस संपलेच नाहीत.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. वयात येतेय. लाडावलीय. लक्ष वेधून घ्यायचं असतं त्यांना. मोबाईल दाखवत असाल. मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग डोस वाढवला. सई दुपारभर झोपायची, लाळ गळायची, अंग सुटलं. पण जाग आली की मूठ गालावरच. दातांच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं आम्ही. त्यांनी बोट घातलं, ती चावली. हात झटकत ते म्हणाले, "हिरडी जरा लाल आहे, बाकी काही दिसत नाही. तोंड उघडूच देत नाही तर काय बघणार?"

आबा

नीलेशचे वडील, आबा, बोनकोड्याला राहतात. आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटपासून चालत येण्यासारखं. तिथेच जन्मले, तिथेच शेत होतं, आता तिथेच त्यांची बिल्डिंग आहे आणि वर भाडेकरू. मी साताऱ्याकडची, त्यामुळे लग्नानंतर सुरुवातीला त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं. सईला मात्र बोलण्याची गरजच नव्हती. ते यायचे, सोफ्यावर बसायचे, ती जवळ जाऊन त्यांच्या खडबडीत हाताखाली आपला हात सरकवायची. ते दाबायचे. तासभर हेच.

एका संध्याकाळी ती बसली होती तशीच, आणि अचानक उसळली. टीपॉयवर पितळी तांब्या होता. तो सरळ आबांच्या कपाळावर. भुवईच्या वर कातडी उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. नीलेश आतून धावत आला. वडिलांचा चेहरा बघून त्याचा हात वर गेला, सईच्या अंगावर.

आबा बसल्या जागेवरून ओरडले, "हात खाली घे! मना काय नाय झाला. पानी आन आधी. आन पोरीवर हात टाकू नको, आयकलास?"

नीलेशचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तीच मूठ कपाटाच्या दारावर मारली. प्लायवूडला भोक पडलं. ते अजून तसंच आहे.

आबांना टाके पडले. मला वाटलं आता काही दिवस येणार नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात आबा, लुंगी, शर्ट, आणि डोक्यावर कोणाचं तरी मोटारसायकलचं हेल्मेट. तसेच आत आले आणि सोफ्यावर बसले. सईने लांबून बघितलं. जवळ आली. हेल्मेटची काच वर केली. खाली केली. वर केली. आत आबांचा चेहरा दिसायचा, गायब व्हायचा. तिला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबली आणि हसले, रडले, काय केलं ते मलाच कळलं नाही.

आबा ते हेल्मेट घालून रोज यायला लागले. वॉचमन त्यांना सलाम ठोकायचा.

दारात पोलीस

सोसायटीत तक्रारी होत्याच. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले होते. "वहिनी, आमाला कळतं हो. पण लोकांची लहान पोरं घाबरतात." त्यांचं चूक नव्हतं. आमच्या घरातून येणारे आवाज ऐकले तर मीही घाबरले असते.

एका दुपारी नीलेश जासईला होता. तिथल्या कंटेनर यार्डात तो सुपरवायझर आहे. सई हॉलमध्ये भिंतीला गाल आपटत होती आणि मी भिंत आणि तिच्यामध्ये माझा हात, उशी, जे मिळेल ते घालत होते. ती गुरासारखी ओरडत होती. मीही ओरडत होते, खरं सांगते, "बस कर, बस कर" म्हणून. तिचं डोकं माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. तेवढ्यात बेल.

दारात दोन पोलीस. एक बाई, चाळिशीच्या, आणि एक तरुण शिपाई. मागे सेक्रेटरी. कोणीतरी फोन केला होता की आई मुलीला मारून टाकतेय.

"कोण मारतंय मुलीला?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. तीच मारतेय."

"कोणाला?"

"स्वतःला. आणि मला."

त्यांनी माझ्या ओठाकडे बघितलं. मग न विचारता माझी बाही वर केली. बराच वेळ बघत राहिल्या. "हे कुत्र्याचं चावणं नाय ना?"

"तिचंच आहे."

सई आतून धावत आली आणि तरुण शिपायाच्या पोटात डोक्याने धडक मारली. तो दारावर आपटला. त्याचा हात काठीकडे गेला. बाई खेकसल्या, "ए, हात काढ. लहान पोर आहे ती." मग त्या खाली बसल्या, सईपासून थोड्या लांब, आणि काहीच केलं नाही. फक्त बसल्या. मीही बसले. सई दमेपर्यंत आम्ही दोघी जमिनीवर बसून होतो. उठताना त्या मला म्हणाल्या, "तुमी पानी प्या आधी." आणि बाहेर जाताना सेक्रेटरींना म्हणाल्या, "परत असा आवाज आला तर आमाला नाय, ॲम्ब्युलन्सला फोन करा."

आम्ही दोघं

आजारपणात नवरा-बायको जवळ येतात म्हणतात. आमचं उलट झालं. नीलेश घरी उशिरा यायला लागला. आला की पहिलं माझा चेहरा बघायचा, नवीन काय फुटलंय ते. त्याला बोलता यायचं नाही, मग तो चिडायचा. भाजीवरून, चावीवरून, पंख्यावरून.

एका रविवारी तो म्हणाला, "तिला ठेवू या कुठेतरी. कर्जतच्या बाजूला एक निवासी संस्था आहे. मी बोलून ठेवलंय."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं तर तू हो म्हणणार आहेस का?"

मी हातातली कढई फेकली. त्याच्या अंगावर नाही, पण फार लांबही नाही. तेल भिंतीवरून ओघळलं. तो हलला नाही. म्हणाला, "माधुरी, एक दिवस मी घरी येईन आणि तू मेलेली असशील. नाहीतर तिचा डोळा गेलेला असेल. मला ते बघायचं नाहीये. आणि एक दिवस मीच तिला मारेन, ह्याची तर मला जास्त भीती वाटते."

त्या वर्षात आमच्या घरात हात न उचलणारं माणूस उरलं नव्हतं. मी म्हटलं, सईला घेऊन बघायला जाऊ. फक्त बघायला.

एक प्रश्न

संस्था वाईट नव्हती. झाडं होती, स्वच्छ होतं. तिथल्या मुख्य बाई साठीच्या असतील. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. कशाने चिडते, किती वेळ, कोणाला मारते. हे प्रश्न मला पाठ होते. मग त्या म्हणाल्या, "आणि हिला आनंद कशाने होतो?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. स्टीलचा कठडा आठवला, पण तो साडेतीन वर्षांच्या मुलीचा. आबांचं हेल्मेट आठवलं. त्यापुढे रिकामं. माझ्याच मुलीला कुठे लागतं, किती लागतं, कशाने सूज उतरते ते मला माहीत होतं, आणि तिला सुख कशात आहे ते मी विसरून गेले होते. नीलेश म्हणाला, "ती गुणगुणायची." मग तोही थांबला. शेवटचं कधी ऐकलं ते आम्हा दोघांनाही आठवेना.

बाईंनी टेबलावरचा लाल चेंडू सईसमोर धरला, उजवीकडून. तिने घेतला. मग तो तिच्याकडून घेऊन डावीकडून धरला. सईने बघितलंच नाही. चेंडू तिच्या गालाजवळ आणला तरी नाही. बाईंचा चेहरा बदलला. "हिला डाव्या डोळ्याने दिसतंय ना?"

वॉर्ड

दुसऱ्याच दिवशी वाशीतल्या एका हॉस्पिटलात डोळ्यांचे डॉक्टर. सईने त्यांचा टॉर्च उडवला, त्यांचा शर्ट फाडला. त्यांनी जेवढं दिसलं तेवढ्यावरून सांगितलं की बाहुलीत काहीतरी गडबड आहे, पूर्ण भूल देऊनच तपासावं लागेल.

तपासणीच्या दिवशी, भूल द्यायची म्हणून, सई सकाळपासून उपाशी. ज्यांनी असं मूल उपाशी ठेवून हॉस्पिटलात बसवलंय त्यांनाच कळेल. सईला भूक सांगता येत नव्हती, उपाशी का ते समजून घेता येत नव्हतं. तिच्यासाठी एवढंच खरं होतं की आई डबा देत नाहीये. तिने बेडची उशी फाडली. सलाईनचा स्टँड आडवा केला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी चार जणांनी तिला स्ट्रेचरवर दाबून धरलं, एकाचा गुडघा तिच्या मांडीवर. तिच्या गळ्यातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी त्या माणसाच्या पाठीवर गुद्दे मारायला लागले. नीलेशने मला मागे ओढलं तर मी त्यालाही मारलं.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या. "सोडा तिला. सगळे मागे व्हा. सगळे म्हणजे सगळे." आवाज न चढवता बोलल्या पण ते चौघं मागे झाले. "आई, तुम्ही खाली बसा. मांडीवर घ्या. ती मोठी आहे माहितीय मला, तरी घ्या."

त्या कॉरिडॉरच्या फरशीवर मी माझ्या एवढ्या मोठ्या मुलीला मांडीवर घेऊन बसले. त्यांनी सरबतात औषध मिसळून मला दिलं, मी पाजलं. तिने मला अजून एकदा ओरबाडलं. मग हात हळूहळू सैल पडला. झोपेतही मूठ गालाजवळच होती. डॉक्टरांनी ती सोडवली आणि तिला स्वतः आत नेलं.

डाव्या बाजूची दाढ

बाहेर आम्ही बाकावर. आबा हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. तासाभराने, सईजवळ दुसऱ्या भूलतज्ज्ञांना थांबवून, दोघे डॉक्टर एकदम बाहेर आले.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. मार लागून लागून. ऑपरेशन करावं लागेल, किती वाचेल सांगता येत नाही."

भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "त्याच्या आधी हे बघा." त्यांच्या फोनवर सईच्या उघड्या तोंडाचा फोटो होता. "श्वासाची नळी घालताना मी आत बघितलं. वरची डावी दाढ. अगदी मागची. मुळापर्यंत किडलीय, आतून पू झालाय. दाबलं की बाहेर येतो. हे आठवड्याचं नाही, खूप महिन्यांचं आहे." मग त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाला एवढं दुखलं असतं ना, तर त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं."

"तिने आपटलं," मी म्हणाले.

नीलेश उठला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथे खिडकी होती, तिथे उभा राहिला. आबांनी विचारलं, "म्हंजी पोरीचा दात दुखत व्हता?" मी हो म्हटलं. त्यांनी हेल्मेटमध्ये तोंड घातलं आणि मोठ्याने रडले. सगळा कॉरिडॉर बघत होता.

मला रडू आलं नाही. मला मारावंसं वाटत होतं. कोणाला ते कळत नव्हतं. वयात येतेय म्हणणाऱ्याला, डोस वाढवणाऱ्याला, 'बाकी काही दिसत नाही' म्हणणाऱ्याला. कोणीच वाईट नव्हतं, हेच जास्त असह्य होतं. एका मुलीने रोज, जेवढी ताकद होती तेवढी लावून, जिथे दुखतंय नेमकं तिथेच बोट ठेवून दाखवलं होतं. फक्त तिचं बोट म्हणजे मूठ होती.

त्याच भुलीत हॉस्पिटलच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावून दाढ काढली. तोंडात पू असताना डोळ्याचं ऑपरेशन करणं धोक्याचं, म्हणून ते पुढच्या आठवड्यात ठरलं.

मधमाशी

ती जागी झाली तेव्हा दुपार होती. गुंगीत तिने हात झाडला, सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त. मी तयारच होते, अंग आवळून. मग तिने डाव्या गालाला हात लावला. मूठ नाही, पंजा. थांबली. थोडं दाबलं. परत थांबली. जिभेने आत काहीतरी चाचपलं. कापसाचा बोळा थुंकला. पुन्हा गाल दाबला.

मग झोपली. संध्याकाळी नर्सने गार पातळ खीर भरवायला सांगितली, ती तिने वाटीभर संपवली आणि वाटी माझ्याकडे परत केली. फेकली नाही. परत केली.

आणि सुरू झालं. आधी इतकं बारीक की मला वाटलं एसीचा आवाज आहे. 'हंऽऽ'. नीलेश फोनवर कोणाशी तरी बोलत होता, तो वाक्य अर्धवट टाकून थांबला. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. शेजारच्या बेडवरच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय तिला? सिस्टरना बोलवू का?"

"नको," नीलेश म्हणाला. "बरं वाटतंय तिला."

जे गेलं ते

डोळा पूर्ण वाचला नाही. ऑपरेशननंतर तिचा हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून कोपराला जाड पट्टे बांधले होते. आम्ही तिघं पाळीपाळीने तिचा हात धरून बसायचो. एकदाही मारलं नाही तिने, पण उशीर झाला होता. आता डाव्या डोळ्याला उजेड कळतो, सावली कळते, त्यापलीकडे नाही. रस्त्याने चालताना मी नेहमी तिच्या डावीकडे असते. ह्याचा राग माझ्यात अजून आहे. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही नाही.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. सई अजूनही स्वमग्न आहे, बोलत नाही, कुकरच्या शिट्टीला अजून घाबरते, आता हातही उगारते. मागच्या दिवाळीत फटाक्यांनी बिथरून तिने नीलेशच्या दंडाचा लचका तोडला. पण गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी झाल्या. शाळेने अर्धा दिवस परत घेतलं. निवासी संस्थेच्या त्या बाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधा."

ते आम्ही शोधत असतो. आबा तिला रविवारी सकाळी वाशीच्या फळबाजारात नेतात. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कलिंगडांचा ढीग असतो. सई प्रत्येक कलिंगडावर मूठ ठोकते, कान लावते, पुढच्याकडे जाते. मूठ तीच, पण आता हलकी. गाळ्यावरची माणसं सुरुवातीला हसायची, आता तिला वाट करून देतात. परत येते ती गुणगुणतच.

ज्यांचं मूल अचानक मारायला लागलंय, त्यांना मला एवढंच सांगायचंय. 'वागणूक' म्हणू नका, म्हणू देऊ नका. आधी दात बघा, कान बघा, पोट बघा, लघवी तपासा. तोंड उघडत नसेल तर भूल देऊन बघा म्हणून हट्ट धरा. भांडा. आणि स्वतःच्या जखमा लपवू नका, दवाखान्यात खरं सांगा. आनंद वगैरे नंतर. ज्याला दुखतंय त्याला आनंद कुठून होणार?

गेल्या महिन्यात

सकाळची वेळ होती. मी पोहे परतत होते. सई स्वयंपाकघराच्या दारात आली. चेहरा लाल, कपाळावर घाम, ओठ घट्ट. ते रूप मी ओळखते. मी गॅस बंद केला आणि सवयीने दोन्ही हात तोंडासमोर धरले.

तिने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. खसकन ओढलं, मी ओट्यावर धडपडले. तिने माझा पंजा उघडला, जबरदस्तीने, एकेक बोट सरळ करत, आणि आपल्या ओटीपोटावर ठेवला. वरून स्वतःचा हात दाबला. माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

"इथे?" मी विचारलं. "इथे दुखतंय?"

तिने अजून जोरात दाबलं. मग माझं लक्ष तिच्या फ्रॉककडे गेलं. मागून लाल डाग होता. माझी मुलगी वयात आली होती.

मी तिला बाथरूममध्ये नेलं, स्वच्छ केलं, गरम पाण्याची पिशवी पोटावर धरून बिछान्यावर बसवलं. मग नीलेशला फोन लावला. पलीकडे यार्डातले ट्रेलर, हॉर्न, माणसांची आरडाओरड.

"काय झालं?" त्याचा आवाज लगेच ताठ. "मारलं का?"

"नाही रे. तिचं पोट दुखत होतं. तिने सांगितलं."

"कोणाला?"

"मला. माझा हात धरून दाखवलं, कुठे ते."

मागचा गोंगाट हळूहळू कमी झाला. तो चालत कुठेतरी आडोशाला गेला असावा.

"परत सांग," तो म्हणाला.